चंद्रपूरचा डायनोसॉर तुमच्या टेबलावर!

डायनोसॉर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कोण उभं राहतं? मोठ्ठा जबडा, इवलेसे हात... बरोबर, टी-रेक्स! खेळण्यांच्या दुकानात तोच, वहीच्या कव्हरवर तोच आणि टी-शर्टवरही तोच. पण हा टी-रेक्स राहायचा तिकडे दूर, उत्तर अमेरिकेत. आपल्या महाराष्ट्रात, चंद्रपूर जिल्ह्यात कोणता डायनोसॉर राहत होता, असं विचारलं तर? मग मात्र सगळा वर्ग चिडीचूप!

त्याचं नाव इसिसॉरस. दुकानात तो शोधायला जाल, तर बहुधा हात हलवत परत याल. मग काय करायचं? सोप्पं आहे, आपणच तो बनवायचा! पॉलिमर क्ले नावाच्या मऊ गोळ्यापासून, आपल्या दहा बोटांनी. आजवर मातीचा साधा बैलही केला नसेल, तरी चालेल.

फक्त एक अट आहे बरं का. मॉडेलच्या कुठल्याही भागावर बोट ठेवून कुणी विचारलं, "हे असंच कशावरून?", तर तुमच्यापाशी उत्तर हवं. "याला पुरावा आहे" किंवा "हा माझा अंदाज आहे". दोन्ही उत्तरं चालतील. "असंच केलं" हे उत्तर मात्र चालणार नाही!

कोण हा इसिसॉरस?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीपाशी १९८४ ते १९८६ या काळात सोहन लाल जैन या शास्त्रज्ञांच्या पथकानं खोदकाम केलं. हाती काय लागलं? मानेचे, पाठीचे आणि शेपटीचे मणके, फासळ्या, कंबरेची हाडं, खांद्याची हाडं आणि एक पुढचा पाय. एकाच प्राण्याची इतकी हाडं एकत्र मिळणं ही मोठी भाग्याची गोष्ट. नुसत्या दंडाच्या हाडाची लांबी होती १४८ सेंटिमीटर! आता जरा भिंतीपाशी उभे राहून स्वतःची उंची मोजा बघू. तुमच्यापैकी कित्येक जण त्या एका हाडापेक्षा बुटके निघाल!

१९९७ साली जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी या प्राण्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांनी त्याला नाव दिलं टायटॅनोसॉरस कोलबर्टी. पुढे २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च या शास्त्रज्ञांनी ठरवलं, की हा गडी अगदी वेगळा आहे, त्याला स्वतःचं नाव हवं. मग तो झाला इसिसॉरस. ज्या संस्थेनं तो शोधला, त्या कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची आद्याक्षरं म्हणजे आय, एस, आय. त्यावरून 'इसि'. आकडेमोडीच्या संस्थेला डायनोसॉरशी काय देणंघेणं, असं तुम्ही म्हणाल. पण संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांना सगळ्याच विज्ञानांचं भारी कुतूहल. त्यांनी आपल्या संस्थेत भूविज्ञानाचा विभागही सुरू केला होता!

इसिसॉरस साधारण साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वी जगत होता. तो लांब मानेचा, लांब शेपटीचा आणि शाकाहारी.

नावात क्ले, पण माती नाहीच!

आता आपल्या साहित्याची ओळख करून घेऊ. पॉलिमर क्ले मुळात मातीपासून बनत नाही. आपल्या नळाचे पाइप ज्या पीव्हीसीपासून करतात, त्याचीच ही बारीक भुकटी. ती मऊ राहावी म्हणून तिच्यात एक तेलकट द्रव मिसळलेला असतो आणि रंग घातलेला असतो. ओव्हनमध्ये उष्णता मिळाली, की भुकटीचे कण तो द्रव शोषून घेतात आणि एकमेकांना चिकटून एकजीव होतात. म्हणून ही क्ले हवेवर लवकर वाळत नाही. आज अर्धं काम करा, झाकून ठेवा, उद्या पुढे चालू! शाडूसारखी ती वाळताना आकसत नाही की तडकत नाही.

जर्मनीत काथे क्रूझे नावाच्या प्रसिद्ध बाहुल्या बनवणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या मुलीनं, फिफीनं अशा क्लेवर बरेच प्रयोग केले. तिच्याच क्लेपासून पुढे १९६० च्या दशकात 'फिमो' बाजारात आली. अमेरिकेची 'स्कल्पी' हीसुद्धा त्याच जातीची. चित्रकलेचं साहित्य मिळतं अशा मोठ्या दुकानात चौकशी करा. क्ले थोडी महाग असते, म्हणून आधी शाडूत किंवा साध्या प्लॅस्टिसिनमध्ये एकदा सराव केलात, तर उत्तम.

काय काय लागेल?

* पॉलिमर क्लेची ५७ ग्रॅमची एक वडी, फिकट करड्या किंवा मातकट रंगाची
* एक ते दीड मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची तार आणि पक्कड
* पोळ्या गुंडाळायचा अ‍ॅल्युमिनियमचा कागद, म्हणजे फॉइल
* थोडा फेविकॉल
* लाकडाचा लहान ठोकळा आणि फरशीचा गुळगुळीत तुकडा
* टूथपिक, जुना टूथब्रश, सेफ्टी पिन, बॉलपेनची रिकामी रिफिल
* पट्टी, पेन्सिल, कागद आणि शेवटी अ‍ॅक्रिलिक रंग

आधी पट्टी, मग क्ले

नवशिक्यांचं पहिलं पाऊल नेहमी चुकतं. वडी उघडली, की ते थेट डायनोसॉरचं तोंड करायला बसतात. तोंड छान जमतं, पण मग धड कमी पडतं आणि पाय काड्यांसारखे होतात! म्हणून आधी कागदावर माप.

आपण प्रमाण धरू १:१००. म्हणजे खऱ्या प्राण्याचा एक मीटर बरोबर आपला एक सेंटिमीटर. इसिसॉरसची लांबी १८ मीटर असावी, असा एक अंदाज आहे. म्हणून कागदावर १८ सेंटिमीटरची रेघ मारा. तिचे भाग असे पाडा: डोकं अर्धा सेंटिमीटर, मान साडेचार, धड पाच, शेपटी आठ. पुढचा पाय तीन सेंटिमीटर, त्यातलं दंडाचं हाड दीड सेंटिमीटर. मागचा पाय अडीच सेंटिमीटर. यातलं दंडाचं माप खऱ्या हाडावरून घेतलेलं आहे, बाकीची मापं आपण अंदाजानं धरली आहेत. आता बाजूनं दिसणारी आकृती काढा. शेजारी दीड सेंटिमीटरचा एक माणूसही काढून ठेवा, म्हणजे हा प्राणी केवढा होता ते पटकन कळेल.

एक गंमत सांगू? लांबी शंभरपट कमी केली, तर रुंदी आणि उंचीही शंभरपट कमी होते. म्हणजे लागणारी क्ले किती पटींनी कमी? शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर. चक्क दहा लाखपट! म्हणून तर काही टन वजनाचा प्राणी तुमच्या ५७ ग्रॅमच्या वडीत मावतो.

आकृती काढताना तरसाची आठवण ठेवा. त्याचे खांदे उंच आणि पाठ मागे उतरती असते ना? इसिसॉरसचे पुढचे पाय लांब होते, म्हणून त्यालाही तशीच उतरती पाठ दाखवतात. मान मात्र त्याच्या इतर लांबमान्या भाऊबंदांच्या मानानं आखूड आणि दणकट. शेपटी जमिनीवर फरफटत ठेवू नका हं! जुन्या चित्रांत तशी असायची. पण डायनोसॉरांच्या पावलांचे जे ठसे दगडांत सापडतात, त्यांच्या मागे शेपटी घासल्याच्या खुणा क्वचितच दिसतात. म्हणजे ते शेपटी उचलून चालत असले पाहिजेत.

आतून बाहेर या

तुमच्या अंगात आधी हाडं, मग स्नायू, मग कातडी. मॉडेलही याच क्रमानं करायचं.

१. सांगाडा. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत एक तार घ्या. तिला यू आकाराच्या दोन तारा पिळून जोडा, एक पुढच्या पायांची, एक मागच्या पायांची. पायांच्या तारा तळाशी सेंटिमीटरभर जास्त ठेवा आणि मोठ्यांकडून ठोकळ्याला चार भोकं पाडून घेऊन त्यांत रोवा. आता मॉडेल पडणार नाही आणि तुमचे दोन्ही हात मोकळे राहतील. पाय अगदी जवळजवळ नकोत. इसिसॉरसच्या जातकुळीतले प्राणी पाय फाकवून चालत. त्यांच्या पावलांच्या ठशांवरून हे कळलं आहे.

२. पोट. फॉइलचा बोळा करून धडाच्या तारेभोवती घट्ट आवळा. चमच्याच्या पाठीनं दाबून दाबून कडक करा. फॉइलमुळे क्ले वाचते, शिवाय जाड गोळा आतून कच्चा राहायची भीती नाही. वरून फेविकॉलचा पातळ हात फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. मग क्ले फॉइलवरून सटकत नाही.

३. स्नायू. क्ले आधी मळायची. पोळीची कणीक मळतो तशी, पाच-दहा मिनिटं, मऊ आणि चिवट होईपर्यंत. थंडीच्या दिवसांत ती भुसभुशीत होते, तेव्हा मुठीत धरून ऊब द्या. हात स्वच्छ हवेत, नाहीतर फिकट क्लेवर घरातली सगळी धूळ आणि केस येऊन बसतील! आता एका वेळी थोडी थोडी क्ले लावा. खांद्याला जाड पट्टी, मांडीला फुगीर गोळी, मानेला दोन्ही बाजूंनी लांब वळ्या. सांधे बोटानं चोळून मिटवा. मध्येच मॉडेल फिरवून वरून, पुढून, मागून बघा. बाजूनं छान दिसणारा प्राणी वरून बघितला, की पापडासारखा चपटा निघतो. ही तर नेहमीची फजिती!

मान वाकायला लागली, तर रागावू नका. तिच्याखाली फॉइलचा टेकू द्या. मळून गरम झालेली क्ले लवते. अर्धा तास तशीच ठेवलीत, की पुन्हा घट्ट होते.

डोकं कुठून आणायचं?

आता खरी पंचाईत! डोंगरगावला हाडं मिळाली, पण कवटी मिळाली नाही. मागचे पाय आणि पावलंही नाहीत. मग डोकं करायचं कसं?

हाच प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका मोठ्या शिल्पकारालाही पडला होता. त्यांचं नाव बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत त्यांनी प्राचीन प्राण्यांचे पूर्णाकृती पुतळे उभारले. ती बाग १८५४ साली खुली झाली. आधी लहान मॉडेल, मग पूर्ण आकाराचं मातीचं मॉडेल, मग साचा, अशी त्यांची पद्धत होती. एका इग्वानोडॉनसाठी ६०० विटा आणि ३८ पिंपं सिमेंट लागलं! आणि ३१ डिसेंबर १८५३ च्या रात्री इग्वानोडॉनच्या साच्यातच टेबल मांडून शास्त्रज्ञांना मेजवानी देण्यात आली होती.

हॉकिन्स यांच्या हाताशी इग्वानोडॉनची मोजकीच हाडं होती. त्यांत एक टोकदार, शंकूसारखं हाड होतं. त्या काळच्या समजुतीप्रमाणे ते त्यांनी गेंड्याच्या शिंगासारखं नाकावर बसवलं. पुढे १८७८ मध्ये बेल्जियमच्या बेर्निसार गावी एका कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे एक-दोन नव्हे, तीसहून अधिक सांगाडे सापडले. लुई डोलो या शास्त्रज्ञानं ते अभ्यासले आणि सगळा उलगडा झाला. ते शिंग नव्हतंच. तो होता हाताच्या अंगठ्याचा खिळ्यासारखा काटा!

लंडनच्या बागेत तो इग्वानोडॉन आजही नाकावर शिंग घेऊन उभा आहे. त्याला हसायचं का? मुळीच नाही. त्या वेळी जेवढी हाडं मिळाली होती, त्यांच्या आधारानं हॉकिन्स यांनी तो केला होता. पुरावा वाढला आणि उत्तर बदललं. विज्ञानात असंच होतं.

मग आपण काय करायचं? जवळचा नातेवाईक शोधायचा. मादागास्कर बेटावर रॅपेटोसॉरस नावाचा लांबमान्या सापडला. त्याची माहिती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याची कवटी मिळालेली आहे, लांबट तोंडाची, पेन्सिलीसारख्या बारीक दातांची. भारत आणि मादागास्कर एके काळी एकमेकांना जोडलेले होते, म्हणून हा पाहुणा आपल्याला चालेल. तुरीच्या दाण्याएवढी गोळी घ्या, पुढून किंचित लांबवा, टूथपिकनं तोंडाची रेघ ओढा. डोळा सर्वांत शेवटी. आपले गणपतीचे मूर्तिकारही डोळ्यांची आखणी शेवटीच करतात ना? डोळा म्हणजे पिनेचं एक टोचण, बस्स!

पुढच्या पायांचं काय? हत्तीसारखी नखं काढायचा मोह होईल, तो आवरा. या जातीच्या बहुतेक प्राण्यांच्या पुढच्या पावलात बोटांची हाडं नसतात. पाऊल नुसतं खांबासारखं. नख्या द्यायच्या त्या मागच्या पावलांना.

खवले? जरा थांबा!

प्रत्येक नवशिक्याला खवल्यांची भारी घाई. पण हिशेब करा. आपलं प्रमाण १:१००. तुम्ही एक मिलिमीटरचा खवला कोरलात, तर खऱ्या प्राण्याच्या अंगावर तो केवढा होईल? दहा सेंटिमीटरचा, म्हणजे बशीएवढा! अर्जेंटिनात या जातीच्या डायनोसॉरांची अंडी सापडली आहेत. त्यांतल्या पिल्लांच्या कातडीचे ठसेसुद्धा टिकलेले आहेत. त्यांवर माशासारखे एकावर एक चढलेले खवले नाहीत, तर शेजारी शेजारी बसलेल्या बारीक पुटकुळ्या आहेत. म्हणून जुन्या टूथब्रशनं हलकेच ठोकून खरखरीतपणा आणा. मान, कोपर आणि मांडी जिथे वाकते, तिथे रिफिलच्या कडेनं दोन-चार सुरकुत्या पाडा. तेवढं पुरे.

भट्टीची वेळ

इथे मोठ्या माणसांना हाक मारायची, एकट्यानं ओव्हनला हात लावायचा नाही. पाकिटावर लिहिलेलं तापमान आणि वेळ तंतोतंत पाळायची. तापमान बहुधा ११० ते १३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं. ओटीजी चालतो, मायक्रोवेव्ह नको. ओव्हन आधी तापू द्या, मग ठोकळ्यासकट मॉडेल फरशीच्या तुकड्यावर ठेवून आत सरकवा. मानेचा टेकू काढू नका. थर्मोकोल किंवा प्लास्टिक आत अजिबात जाता कामा नये.

तापमान फार वाढलं, तर क्ले जळते आणि पीव्हीसीमधून नाकाडोळ्यांना झोंबणारा विषारी धूर निघतो. म्हणून खिडक्या उघड्या ठेवा. धूर दिसलाच, तर मोठ्यांना ओव्हन बंद करायला सांगा आणि खोलीबाहेर या. त्याच वेळी ओव्हनमध्ये खायचं काही ठेवू नका. क्लेसाठी वापरलेला चमचा पुन्हा स्वयंपाकघरात नको. काम झालं, की हात साबणानं धुवा.

वेळ झाली, की ओव्हन बंद करून मॉडेल आतच निवू द्या. गरम असताना ते मऊ लागतं, म्हणून "कच्चं राहिलं!" असं ओरडू नका. थंड झालं, की टणक होतं.

रंग तुमचा, गवत खरं!

इसिसॉरसचा रंग कोणता होता? ते हाडांवरून कळत नाही. काही पिसांच्या डायनोसॉरांचे रंग मात्र कळले आहेत बरं! चीनमध्ये सापडलेल्या सायनोसॉरोप्टेरिक्सच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे होते, हे २०१० मध्ये पिसांतल्या सूक्ष्म रंगकणांवरून समजलं. आपल्या गड्याबाबत मात्र अंदाजच करायचा. हत्ती, गेंडा यांसारखे आजचे अवाढव्य प्राणी करड्या-मातकट रंगाचे असतात, त्यावरून सुरुवात करा. गडद रंग पातळ करून सगळीकडे लावा आणि फडक्यानं पुसून घ्या. तो सुरकुत्यांत राहील आणि कातडी जिवंत वाटेल.

आणि ठोकळ्यावर गवत लावायचं बरं का! डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हतंच, असं पूर्वी मानलं जाई. पण चंद्रपूर जिल्ह्यातच पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे डायनोसॉरांची दगड झालेली विष्ठा सापडते. नाक मुरडू नका! भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी ती तपासली, तेव्हा तिच्यात गवताचे आणि ताडासारख्या झाडांचे सूक्ष्म अवशेष मिळाले. हे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे तुमच्या मॉडेलच्या पायाखालचं गवत अगदी पुराव्यानिशी!

शेवटचं काम: एक चिठ्ठी

मॉडेल झालं, आता एक पुठ्ठ्याची चिठ्ठी करा. मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे लिहा 'पुरावा', उजवीकडे 'अंदाज'. पुराव्याखाली येतील मणके, फासळ्या, लांब पुढचे पाय, आसपासचं गवत. अंदाजाखाली येतील एकूण लांबी, मागचे पाय, रंग आणि डोकं. पायाची रुंद ठेवण, पुढच्या पावलाचा आकार, कातडीच्या पुटकुळ्या या गोष्टी नातेवाइकांवरून घेतल्या आहेत, तेही लिहा. ही चिठ्ठी मॉडेलशेजारी ठेवा. शाळेच्या प्रदर्शनात कुणी विचारलंच "कशावरून?", तर चिठ्ठी पुढे करा!

समजा, उद्या चंद्रपूरच्या एखाद्या टेकडीत इसिसॉरसची कवटी सापडली आणि ती अगदीच निराळी निघाली, तर? तर चिठ्ठीतलं 'डोकं' खोडून डावीकडे लिहायचं, मॉडेलचं जुनं डोकं कापायचं आणि नवं लावून पुन्हा भाजायचं. ही क्ले दुसऱ्यांदा भाजलेलीही चालते. हॉकिन्स यांना ते जमण्यासारखं नव्हतं, त्यांचा इग्वानोडॉन विटा-सिमेंटचा होता. तुमच्या इसिसॉरसचं डोकं तर तुरीच्या दाण्याएवढं आहे!